नोंद सापडली नाही तर

गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी अहवाल टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "काळजीचं काही नाही." यशश्री गायधनीने नुसते हात जोडले. बोलायची तिला परवानगी नव्हती. स्वरयंत्रावरची ती गाठ काढल्याला फार दिवस झाले नव्हते. तेव्हा आभार मानायचं काम तिच्या नवऱ्याने, शामसुंदरने केलं, आणि इतक्या वेळा केलं की शेवटी डॉक्टरांनाच हसू आलं.

"एक मात्र पाळायचं," डॉक्टर म्हणाले. "आवाजाला ताण नको. तासन्‌तास फोनवर बोलणं तर साफ बंद."

शामसुंदरने जोरजोरात मान हलवली. यशश्रीची मान काही हलली नाही. तासन्‌तास फोनवर बोलणं हीच तर तिची नोकरी होती.

नाशकात द्वारकेच्या चौकाजवळ एका जुन्या इमारतीत, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, 'प्राणवेल होम केअर'चं ऑफिस आहे. घरी झोपून असलेल्या पेशंटला जे जे लागतं ते ही मंडळी भाड्याने देतात. वर-खाली होणारे पलंग, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, आणि मुख्य म्हणजे ऑक्सिजनची मशीनं. मशीन विजेवर चालतं, खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीने पेशंटच्या नाकाशी पोचवतं; ते बंद पडलं तर म्हणून सोबत ऑक्सिजनचा एक सिलिंडरही असतो. नाशकात, सिन्नरला, घोटीला, पार इगतपुरीपर्यंत अशी मशीनं घराघरांतून घरघरत असतात. त्यातलं एखादं कुरकुरलं, की घरचा माणूस घाबरून ज्या नंबरवर फोन लावायचा, तिथे यशश्री असायची.

मराठीत एम. ए. करून ती शाळेत लागायची वाट बघत होती. वाट बघता बघता तात्पुरती म्हणून इथे आली आणि रमली. माणूस कितीही घाबरलेला असो, तिचा आवाज ऐकला की त्याचा जीव थाऱ्यावर यायचा. "ताई, तुम्ही बोलत राहा, मी बघतो," असं म्हणत लोक तिच्या सांगण्यावरून बटणं दाबायचे, नळ्या बदलायचे. करोनाच्या काळात तर फोन तिच्या कानाला चिकटूनच असायचा. आवाज बसायला लागला तो तेव्हापासून. मध झाला, ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. डॉक्टरकडे जायचं तेवढं ती टाळत राहिली, आणि टाळता टाळता गाठीपर्यंत गोष्ट गेली.

गाठ साधी निघाली हा जिवावरचा घोर मिटला खरा. पण रजा संपवून ती ऑफिसचा जिना चढली तेव्हा दुसरा घोर छातीवर घेऊनच. ऑफिसात एआय येणार असल्याची कुजबुज तिच्या ऑपरेशनच्या आधीपासून होती. फोनवर बोलणारी बाई मुकी झालेली, आणि बोलणारं यंत्र दारात उभं. यातून काय निघणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मालक विश्वेशने तिला आत बोलावलं. वयाने तिच्यापेक्षा लहान, बोलायला मऊ. त्याच्या शेजारी रोहित सांगळे बसला होता, नव्याने लागलेला संगणक इंजिनिअर. विश्वेशने तब्येतीची चौकशी सुरू केली, पण यशश्रीला धीर नव्हता. तिने मोबाइलवर भराभरा टाइप केलं आणि मोबाइल त्याच्या पुढ्यात सरकवला.

"काढणार असाल तर आजच सांगा. ताटकळत ठेवू नका."

विश्वेशने वाचलं आणि त्याचे कान लाल झाले. "ताई, काय हे! अहो, तुम्हाला काढायला बोलावलंय का मी? काम द्यायला बोलावलंय. रोहित, तूच सांग."

रोहितने खुर्ची पुढे ओढली. "ताई, आपण व्हॉट्सअ‍ॅपवर एक एआय एजंट बसवतोय. लोक लिहून पाठवतील, नाहीतर बोलून रेकॉर्ड करून पाठवतील. तो ते समजून घेईल आणि उत्तर देईल. पण तो आपल्या ग्राहकांना ओळखत नाही. त्यांची माहिती डेटाबेसात आहे. ती काढायला मी त्याला एक टूल दिलंय, 'ग्राहक शोध'. नाव द्या, मोबाइल नंबर द्या, गाव द्या किंवा मशीनचा नंबर द्या, जुळणारी नोंद बाहेर येते. आता हे टूल कधी वापरायचं, त्याला काय विचारायचं, बाहेर आलेल्या नोंदीचं पुढे काय करायचं, हे सगळं त्याला लिहून द्यावं लागतं. तो ते वाचतो आणि तसा वागतो. त्यापलीकडचं त्याला काही ठाऊक नसतं."

यशश्रीने टाइप केलं, "मराठीत चालेल?"

"पळेल," रोहित म्हणाला. "बोलायचंच आहे त्याला मराठीत."

"आणि यात बोलावं लागत नाही, ताई," विश्वेश म्हणाला.

त्या दिवशी घरी परतताना द्वारकेला सिग्नलवर रिक्षा हलता हलत नव्हती. ट्रक, बस, मोटरसायकली, सगळ्यांचे हॉर्न एकदम. एरवी यशश्रीचं डोकं उठलं असतं. त्या संध्याकाळी ती मागे टेकून निवांत बसली होती, आणि शामसुंदरला तिने एवढाच मेसेज केला, "नोकरी आहे. श्रीखंड आणा."

लिहायचं म्हटल्यावर तिच्यातली एम. ए. जागी झाली. पहिला मसुदा तिने असा काही सजवला, की रोहितने तो वाचला, पुन्हा वाचला आणि डोकं खाजवलं.

"ताई, वाचायला फार छान आहे. पण हे बघा. 'एजंटाने सुज्ञपणे यथोचित माहिती घ्यावी.' यात त्याने करायचं काय?"

यशश्रीने वाक्य पाहिलं. खरंच, करायचं काय? तिने 'सुज्ञपणे' खोडलं. 'यथोचित' खोडलं. मग तिला खोडायचा नादच लागला. मसुदा आक्रसत गेला आणि उजळत गेला. आधी मोबाइल नंबरवरून शोधावं. नाही जमलं तर नाव आणि गाव विचारावं. दोन माणसं एकाच नावाची निघाली तर एकाचा पत्ता दुसऱ्याला कळता कामा नये. नोंदी वाचून न दाखवता आणखी खूण विचारावी. ग्राहकाने नुसतं भाडं किती असं विचारलं असेल तर शोधायची गरजच नाही. असं एकेक वाक्य ती लिहायची, रोहित ते एजंटाला द्यायचा, आणि मग दोघं मिळून त्याला आडवे-तिडवे प्रश्न विचारून बघायचे. एजंट चुकला की रोहित आधी टूल तपासायचा आणि यशश्री आधी स्वतःचं वाक्य. बहुतेक वेळा वाक्यच निसटतं असायचं.

एक कलम शेवटी राहिलं होतं. शोधलं आणि एकही नोंद आली नाही तर? यशश्रीने फारसा विचार केला नाही. दुसऱ्याच कंपन्यांकडून मशीन घेतलेले लोक चुकून त्यांना फोन करायचे, आणि त्यांना ती जे सांगायची तेच तिने लिहिलं: "नोंद न आढळल्यास, आपली नोंद आमच्याकडे नाही, असे नम्रपणे सांगावे आणि मशीन जिथून घेतले तिथे संपर्क साधण्यास सुचवावे." रोहितने वाचलं, विश्वेशने वाचलं. कोणाला काही खटकलं नाही.

दिवाळीनंतर चाचणी सुरू झाली. ठराविक गावांनाच नवा नंबर दिला होता आणि एजंटाची सगळी संभाषणं यशश्रीच्या पडद्यावर उमटत होती. तिने बघत राहायचं, बोलायचं नाही. पहिले काही दिवस इतके सुरळीत गेले की तिला मौजच वाटली. सिन्नरच्या एका गृहस्थांनी नळी बदलून मागितली. एजंटाने त्यांना शोधलं, नळीची जात बरोबर सांगितली, माणूस कधी येईल तेही सांगितलं. यशश्री स्वतःशीच हसली. आपण लिहिलेलं कोणीतरी इतकं मन लावून वाचतंय, हे सुख तिला पहिल्यांदाच मिळत होतं.

आणि एका दुपारी घोटीकडून निरोप आला. बोलून पाठवलेला होता, खाली त्याची अक्षरं उमटली.

"आईचं मशीन लय वाजतंय. हवा येत नाय नीट. लवकर माणूस पाठवा."

एजंटाने तो नंबर शोधला. शून्य नोंदी. त्याने विचारलं, "पेशंटचं नाव आणि गाव कळवाल का?"

"बायडाबाई भोर. घोटीच्या पुढं हाय गाव."

बायडाबाई भोर. शून्य. स्पेलिंग बदलून पाहिलं. शून्य. नुसतं भोर आणि घोटी टाकलं, तर एक वेगळेच भोर आले, पलंग नेलेले, तोही कधीच परत केलेला. मग एजंटाने उत्तर लिहिलं:

"क्षमा करा, आपली नोंद आमच्याकडे नाही. कृपया मशीन जिथून घेतले तिथे संपर्क साधावा."

"अहो तुमच्याकडूनच घेतलंय! आई घाबरी झाली हाय."

"आपली अडचण समजते. मात्र आपली नोंद आमच्याकडे नाही..."

यशश्रीने ते पुन्हा वाचलं. वाक्य तिचं होतं. शब्दन्‌शब्द तिचा. जिचा आवाज ऐकून लोकांचा जीव थाऱ्यावर यायचा, तिच्याच शब्दांनी कोणालातरी दारातून परत पाठवलं होतं.

तिने फोन उचलला. डॉक्टर, मनाई, गाठ, काही तिच्या डोक्यात आलं नाही. तिकडे घंटी वाजली न वाजली तोच उचलला गेला.

"हॅलो, प्राणवेलमधून बोलतेय," ती म्हणाली. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला.

"कोण? ऐकू येत नाय!"

"प्राणवेलमधून. घरात मोठा सिलिंडर ठेवलाय ना आमच्या माणसाने? काळा?"

"हाय, हाय. कोपऱ्यात हाय."

"मशीनची नळी काढा आणि त्याला लावा. मग वरची चावी हळूच फिरवा. मी फोनवर आहे."

"पूजा! ती नळी काढ गं! सिलिंडर इकडं घे!" मागे भांडं पडल्याचा आवाज आला, कोणीतरी धावलं, मग हिस्स असा बारीक आवाज. "आली म्याडम. हवा आली."

"आईंचे ओठ बघा. निळे पडलेत?"

"नाय." मग तो म्हणाला, "बोलती हाय. मलाच शिव्या देती हाय."

यशश्रीने डोळे मिटून घेतले. शिव्या देणारी म्हातारी म्हणजे श्वास घेणारी म्हातारी. रोहित आणि विश्वेश एव्हाना तिच्या खुर्चीमागे येऊन उभे होते. रोहितने पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

फोनवर होता तो बायडाबाईंचा मुलगा, सोमनाथ. यशश्रीने त्याला मशीनच्या पाठीवर चिकटवलेला नंबर वाचायला सांगितला. त्याने वाचला, तिने 'ग्राहक शोध'मध्ये टाकला, आणि नोंद आली: वत्सलाबाई नामदेव भोर. मोबाइल नंबर भलताच.

"वत्सलाबाई कोण हो?"

"आईच की. आधारवर तेच नाव हाय. पण बायडाबाईच म्हणत्यात तिला सगळी. आन्‌ नंबर थोरल्या भावाचा असंल, तो असतो ठाण्याला."

गोरक्ष नावाचा त्यांचा मेकॅनिक नेमका इगतपुरीला गेलेला होता. विश्वेशने त्याला फोन लावला, आणि "निघालोच" म्हणत त्याने गाडी फिरवली. संध्याकाळच्या आत त्याचा फोन आला.

"म्याडम, काळजी नका करू. सोमनाथच्या अंगणातच भाताची मळणी चालू हाय. सगळं तूस मशीनच्या जाळीत बसलं होतं. जाळी बदलली, मशीन मागल्या खोलीत नेलं. आजीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बघितलं, आकडा चांगला हाय. मला चहा पाज म्हणून सुनेच्या मागं लागल्यात."

मग मात्र यशश्रीला रडू आलं. आवाज न करता रडता येतं हे एक बरं होतं. रोहित खिडकीबाहेरचा ट्रॅफिक बघत उभा राहिला.

"माझी चूक," ती कुजबुजली.

"ताई, बोलू नका," रोहित म्हणाला. "आणि एकट्या तुमची नाही. मी ते वाक्य वाचून पुढे पाठवलं होतं. मला वाटलं, नोंद नाही म्हणजे माणूस नाही."

"मीही वाचलं होतं," विश्वेश म्हणाला. "एजंट बंद ठेवू. नीट लिहा, मग परत सुरू करू. घाई नाही."

ओरडा बसेल, चाचणी गुंडाळली जाईल, सगळं एकदम तिच्या मनात येऊन गेलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. घरी जाऊन ती शामसुंदरपुढे हातवारे करत सगळी हकीकत सांगू लागली, तेव्हा त्याने विचारलं, "पण तू फोनवर असतीस, आणि बायडाबाई सापडल्या नसत्या, तर काय केलं असतंस?"

यशश्री हातवारे करता करता थांबली. तिने काय केलं असतं? तिने विचारलं असतं, मशीन कोणाच्या नावावर घेतलंय? घरात आणखी कोणाचा नंबर आहे? मशीनच्या पाठीवर काय लिहिलंय? एखाद्याला नाही म्हणण्याआधी ती दहा दारं ठोठावायची. ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की लिहायच्या वेळी त्यातलं एकही दार तिला आठवलं नव्हतं.

पुढच्या फेरीला ती गोरक्षबरोबर घोटीकडे गेली. बायडाबाईंना बघायचं होतं, आणि थोडं विचारायचंही होतं. महामार्ग सोडून गाडी आत वळली तशी दोन्ही बाजूंनी कापलेली भाताची शेतं लागली. सोमनाथच्या अंगणातली मळणी उरकली होती. बायडाबाई मागल्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या, नाकाला नळी, मांडीवर लसणाची पाटी. सोलणं चालूच.

"तूच का गं ती घोगऱ्या आवाजाची?" त्यांनी विचारलं.

यशश्री हसली आणि गळ्याकडे बोट दाखवलं.

"दुखतंय? मग बोलू नको. मी बोलते." आणि त्या बोलू लागल्या. माहेरी त्यांचं नाव बायडा. लग्नात नवऱ्याकडच्यांनी वत्सला ठेवलं. पण नवरा नावाने हाक मारायचाच नाही, सासू माहेरच्या नात्यातलीच, ती बायडे म्हणायची. "त्या वत्सलेला कुणी बघितलंच नाय बग. बँकेत हाक मारत्यात, वत्सलाबाई, वत्सलाबाई, आन्‌ मी आपली बसूनच. मागली बाई ढकलती, आवो तुम्हालाच बोलवत्यात!" त्या हसल्या, हसताना दम लागला, सून पूजाने पाठीवर हात फिरवला. "गावात माझ्यावाणी लय हायेत. कागदावर येक, चुलीपाशी येक."

त्या गावात यशश्रीने गोरक्षबरोबर आणखी दोन-तीन घरं पाहिली. एका घरी मशीन जावयाच्या नावावर होतं, कारण पैसे त्याने भरले. एका घरी फोन सुनेचा, पण ती तो घेऊन रोज घोटीच्या राइस मिलमध्ये कामाला जायची. सगळं सरळ होतं, कोणी कोणाला फसवत नव्हतं. फक्त डेटाबेसात माणूस एका बाजूने दिसत होता आणि घरात दुसऱ्या.

परत आल्यावर तिने शेवटचं कलम उचलून पहिल्या पानावर आणलं. आणि ते असं लिहिलं:

"श्वासाचा त्रास, मशीन वाजणे, हवा न येणे यांपैकी काहीही कळले तर आधी सिलिंडर लावायला सांग आणि लगेच ऑफिसातल्या माणसाला बोलाव. शोध त्यानंतर.

नोंद आली नाही, याचा अर्थ तुला माणूस सापडला नाही, एवढाच. तो आपला ग्राहक नाही, असा त्याचा अर्थ नाही. मशीनच्या पाठीवरचा नंबर विचार. आधार कार्डावर कोणते नाव आहे ते विचार. मशीन घरातल्या कोणाच्या नावावर घेतले, कोणाचा मोबाइल दिला होता, ते विचार. तरीही सापडले नाही तर माणसाकडे सोपव. 'आपली नोंद आमच्याकडे नाही' हे वाक्य तू कधीही लिहायचे नाहीस."

रोहितने वाचलं. "हे तुम्ही त्याला दटावलंय, ताई."

"दटावायलाच हवं," यशश्री म्हणाली. एव्हाना तिला थोडं थोडं बोलायची मुभा मिळाली होती.

रोहितनेही टूलमध्ये बदल केला. नोंदीत 'घरातलं नाव' असा नवा रकाना आला, आणि गोरक्ष आता ज्याच्या त्याच्या घरी जाऊन "आजीला काय म्हणता तुम्ही?" असं विचारू लागला. काही उत्तरं मासलेवाईक आली. एका आजोबांना सगळं गाव 'इंजिन' म्हणत होतं. रोहितने तेही नाव टाकलं.

पुन्हा सुरू करण्याआधी ऑफिसातल्या सगळ्यांनी एजंटाला छळून घेतलं. विश्वेशने ठाण्याचा भाऊ होऊन इंग्रजीत निरोप पाठवले. गोरक्षने तर कहर केला. त्याने नाव नाही, गाव नाही, नुसतं बोलून पाठवलं, "म्हातारीचं यंत्र बोंबलतंय, या की राव." एजंटाने आधी सिलिंडर लावायला सांगितलं, यशश्रीच्या पडद्यावर लाल खूण उमटवली आणि मग मशीनच्या पाठीवरचा नंबर मागितला. गोरक्षने मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाला, "हा हुशार झाला, म्याडम."

एजंट पुन्हा सुरू झाला तेव्हा यशश्री पडद्यापासून हलेना. चहासुद्धा तिथेच. पहिले निरोप साधे आले. मग एके सकाळी इगतपुरीहून कोणीतरी लिहिलं, "साळूबाईंच्या मशीनची नळी फाटली आहे." नंबर नोंदलेला नव्हता. यशश्री खुर्चीत पुढे सरकली. एजंटाने विचारलं, त्यांना श्वास घ्यायला त्रास होतोय का? "नाही, दुसरी नळी लावली आहे, पण ती आखूड आहे." मग त्याने नाव शोधलं. दोन साळूबाई निघाल्या, एक इगतपुरीच्या, एक घोटीच्या, आणि घोटीच्या साळूबाईंच्या पत्त्यातही लेकीचं घर म्हणून इगतपुरी लिहिलेलं होतं. यशश्रीचा हात नकळत फोनवर गेला.

एजंटाने दोघींपैकी कोणाचाही पत्ता लिहिला नाही. त्याने लिहिलं, "मशीनच्या पाठीवर एक नंबर चिकटवलेला आहे. तो वाचून सांगाल का? म्हणजे बरोबर मापाची नळी पाठवता येईल."

थोड्या वेळाने नंबर आला. तो घोटीच्या साळूबाईंचा होता. त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. एजंटाने विचारलं, "सध्या आपण इगतपुरीला आहात का? नळी तिथेच पाठवू ना?" उत्तर आलं, "हो. बरं झालं विचारलंत."

यशश्रीने फोनवरचा हात काढून घेतला. तिने मागे टेकून एक लांब श्वास सोडला, इतका लांब, की पलीकडच्या टेबलावरून रोहितने वळून पाहिलं. तिने त्याला पडद्याकडे खूण केली. त्याने उभ्याउभ्या सगळं वाचलं आणि कँटीनवाल्याला दोन बटाटेवडे सांगितले.

पुढे डॉक्टरांनी आवाज तपासून समाधान व्यक्त केलं. विश्वेशने विचारलं, ताई, फोनवर परत यायचंय का? तिने ठरवलं ते असं: एजंट जे माणसाकडे सोपवेल तेवढेच फोन ती घेणार, आणि बाकीचा वेळ लिहिणार. सोपवलेले फोन फार नसत. पण जे असत ते घाबरलेल्या माणसांचे असत आणि त्यांच्यासाठी तिच्याकडे आता आवाज शिल्लक राहत होता, पूर्वीपेक्षा थोडा जाड, पण भरवशाचा. रोहितने सिलिंडर मागवायचं नवं टूल तयार केलं, तेव्हा त्याने कोड लिहायच्या आधीच येऊन तिला विचारलं, "ताई, सिलिंडर संपला म्हणून फोन आला, तर तुम्ही पहिलं काय विचारता?" तिने डोळे मिटले, मनातल्या मनात फोन उचलला, आणि सांगू लागली.

घरीही बदल झाला. पूर्वी संध्याकाळी घरी आली की ती गप्पगप्प असायची. दिवसभराचं बोलणं घशात दुखत असायचं. शामसुंदर विचारायचा आणि ती हातानेच 'नंतर' म्हणायची. आता ती बोलायची. त्या दिवशीही तो कांदा चिरता चिरता म्हणाला, "काय, आज काय झालं ऑफिसात?"

यशश्रीने आठवून पाहिलं. सकाळपासून निरोप येत होते. नाशिक रोडचे, सिन्नरचे, घोटीचे. बहुतेक सापडले होते, जे सापडले नाहीत ते तिच्यापर्यंत पोचले होते, आणि तिने त्यांना शोधून काढलं होतं. कोणाचा दम अडकला नव्हता. कोणी दारातून परत गेलं नव्हतं.

"काही नाही झालं," ती म्हणाली, आणि कणीक मळायला बसली.